करवंटीतला संसार

बोटाएवढे मासे पाळणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार, असं घरच्यांना वाटतं. त्यामुळे ते ऐकत नाहीत. मग आम्ही तिघं एकमेकांनाच सांगत बसतो, आणि किस्से साठत जातात.

तिघं म्हणजे मी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे देवरे सर, आणि तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, देवळाली कॅम्पला राहणारे शिंदे काका. तिघांच्याही घरी ड्वार्फ सिक्लिड आहेत. बाकीचे बरेच मासे अंडी टाकून मोकळे होतात. हे मात्र रीतसर संसार थाटतात. पाण्यात नारळाची करवंटी उपडी ठेवली की ते घर. आत अंडी, दाराशी पहारा, आणि मग भांडणं.

*

या माशांना चहाच्या रंगाचं, किंचित आंबट पाणी मानवतं. त्यासाठी टाकीत देशी बदामाची वाळलेली पानं टाकतात. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीत बदामाचं झाड आहे, त्याखाली मी पानं वेचायचे. तळमजल्यावरच्या आहेर आजी गॅलरीतून बघत असायच्या. एकदा त्यांनी विचारलंच, "कशाला गं नेतेस? शुगरवर चालतात का?"

मला ऑफिसची घाई होती. म्हटलं, "नाही हो आजी, पाण्यात टाकते. इतके दिवस पिल्लं होत नव्हती, ही टाकल्यावर झाली."

त्यानंतर झाडाखाली मला पान मिळेना. एक दिवस आजींची सून लिफ्टमध्ये भेटली. हळूच म्हणाली, "ताई, ती पानं उकळायची असतात की नुसती भिजवायची? सासूबाई रोज पेलाभर पाणी देतात. चव फार घाण आहे."

मी कपाळाला हात लावला आणि सगळं सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. मग म्हणाली, "त्यांना सांगू नका. पानांच्या निमित्ताने रोज खाली उतरतात, गुडघे मोकळे झालेत. पाणी मी गुपचूप ओतून टाकत जाईन."

*

देवरे सर टाकीतली बित्तंबातमी आमच्या ग्रुपवर टाकतात. एकदा त्यांनी लिहिलं, "शेवटी तिने नवऱ्याला हाकललंच. आता एकटीच पोरं सांभाळते आहे. मी रोज सकाळी खायला घालून मगच कॉलेजला जातो."

मेसेज चुकून गेला कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांशी कोणी धड बोलेना. शेवटी एका वयस्कर मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. "सर, तुमचा खासगी प्रश्न आहे, पण मिसेसना हे माहीत आहे का?"

"म्हणजे काय," सर म्हणाले, "तिच्याच किचनमध्ये ठेवली आहे."

*

याच सरांची अहिराणी बोलणारी आई कळवणहून राहायला आली होती. अंडी घातली की मादी हळदीसारखी पिवळी होते आणि नराला करवंटीकडे फिरकू देत नाही. नर तिच्या दुप्पट, पंख रंगीबेरंगी, तुरा डौलदार. पण त्या दिवसांत बिचारा हीटरच्या मागे लपलेला असतो.

सरांच्या आई स्टूल घेऊन टाकीसमोर बसल्या. "हाई पिवळी कशी झायी रे?"

सरांनी समजावून सांगितलं. मादीने तेवढ्यात नराला आणखी एकदा पिटाळलं. आई काचेला नाक लावून बघू लागल्या.

"आपलामा हळद लागनी का पोर घर सोडी जास," त्या म्हणाल्या. "आठे तं नवरालेच काढी दिन्हं."

आणि स्टूल आणखी पुढे ओढत म्हणाल्या, "चांगलं शे."

*

देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की शिंदे काकांच्या खिडक्या थरथरतात. मासे घाबरले की स्वतःचीच अंडी खाऊन टाकतात. काकांनी टाकीखाली फोम घातला, भोवती लष्करी घोंगडी गुंडाळली, तरी दर वेळी तेच. "आयुष्यभर मी गोळे टाकले," ते म्हणायचे, "आता माझ्यावर पडताहेत."

शेवटी एक जोडी त्या आवाजाला सरावली आणि पिल्लं मोठी झाली. त्यातली एक जोडी काकांनी मला दिली. माझ्याकडे सगळी बडदास्त होती, पण ती जोडी करवंटीत शिरायलाच तयार नाही. मी काकांना फोन केला.

"तुमच्याकडे आवाज कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"एकदम शांत आहे, काका."

"त्याचंच टेन्शन आलंय त्यांना. इतकी शांतता म्हणजे नक्की काहीतरी होणार, असं वाटत असेल."

*

मागच्या उन्हाळ्यात काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि तातडीने बायपास करावी लागली. घरच्या टाकीत नुकतीच पोहायला लागलेली पिल्लं होती. देवरे सर आणि मी आळीपाळीने देवळालीला जाऊन त्यांना खायला घालत होतो, टाकीतलं पाणी बदलत होतो.

ऑपरेशननंतर काका शुद्धीवर आले. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडत होते. आधी काकू गेल्या आणि रडवेल्या होऊन बाहेर आल्या. "सारखं पाणी पाणी करताहेत गं. डॉक्टर नको म्हणालेत. सिस्टरने ओला कापूस ओठांना लावला, तर तोंड फिरवलं. माझ्यावर चिडलेत."

मग मी आत गेले. नळ्यांच्या जंजाळात काका एवढेसे दिसत होते. मला पाहिल्यावर त्यांनी डोळे मोठे केले.

"पाणी," ते पुटपुटले. आणि दोन बोटं जवळ आणून दाखवली, एवढंसं.

सिस्टर म्हणाली, "बघा ना, थोडंसंच द्या म्हणतात."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "काका, सकाळी बदललं. थोडंसंच. नळी अगदी बारीक सोडली होती. सगळी पिल्लं आईच्या मागे फिरताहेत."

काकांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग डोळे मिटले आणि शांत झोपले.

बाहेर काकू दारातच उभ्या होत्या. "तुझ्याकडेही पाणीच मागितलं ना?"

"हो काकू, पाणीच."

"मग?"

"दिलं," मी म्हटलं.