दुसऱ्यांच्या शाळेत बसणारे मोठे मास्तर

वयाची पन्नाशी उलटल्यावर जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत, मागच्या रांगेत, पोरांच्या मधोमध मांडी घालून बसलेला माणूस आमच्या मोठ्या मास्तरांखेरीज दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपुराहून सुटत आणि बुलढाण्याला पोचेपर्यंत त्यांतला शहाणपणा वाटेतच कुठेतरी उतरून घेई. मी देऊळघाटच्या शाळेत त्यांच्या हाताखाली धाकटा मास्तर होतो. सुट्टीचा दिवस उजाडला की लोक शेतावर जात, सोयऱ्यांकडे जात. मोठे मास्तर धडप्यात भाकरी आणि ठेचा बांधून तट्टावर बसत आणि जिथे सुट्टी नसेल अशी शाळा शोधत निघत. उर्दू शाळेला शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी शाळा, हा त्यांना देवानेच केलेला बंदोबस्त वाटे. न विचारता वर्गात शिरायचं, मागे बसायचं आणि शंका आली की पोरांसारखंच बोट वर करायचं. पहिल्या पहिल्यांदा मास्तर लोक फार घाबरले. एकाला ते शाळा तपासणाऱ्या डेपुटी साहेबांचे हेर वाटले. त्याने छडी धोतरात लपवली आणि तास संपेपर्यंत तो वाकू शकला नाही. दुसऱ्याला वाटलं, हे मुलीसाठी स्थळ पाहायला आले, म्हणून त्याने पाढे सोडून आपल्या घरच्या ओलिताच्या जमिनीचं वर्णन सुरू केलं. तट्टूही इतकं सरावलं होतं की पोरांचा कालवा ऐकला की थांबे. एकदा ते असंच एका लग्नघरापुढे थांबलं, तर मोठे मास्तर आत जाऊन जेवले आणि येताना नवरदेवाला ‘तुले वाचाले कोणं शिकवलं?’ असं विचारून आले. मास्तरीणबाई म्हणत, “आमच्या लग्नातबी यांचं ध्यान माह्याकडं कुठं होतं? भटजीले इचारत होते, इतके मंतर पाठ कसे केले म्हणून!”

या वेडाचं मूळ चौथीच्या वर्गात होतं. चौथीत नापास झालेलं पोर त्या काळी पुन्हा शाळेत दिसत नसे, ढोरांमागे दिसे. आमची पोरं दरवर्षी अपूर्णांकांत गारद होत. पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे अशी घडाघडा म्हणत की भिंतीवरच्या पाली पळत. पण ‘या खडूचा पाऊण भाग दाखव’ म्हटलं की सगळा वर्ग छपराकडे पाही. संध्याकाळी गुरं परतताना हीच पोरं रस्त्यात काठी बगलेत धरून ‘मास्तर, रामराम’ म्हणत. इतर वेळी बैलालाही रामराम घालणारे मोठे मास्तर अशा वेळी तट्टाच्या कानांकडे पाहत राहत. एकदा मला म्हणाले, “हे पोरं नापास नाही झाले बे. मी झालो. मले अपूर्णांक शिकवता येत नाही. पन कोणाले तरी येतच असन न? त्याले येते, मले येत नाही, मंग मधात पोराईनं काऊन मरावं?”

हे वाक्य त्यांनी मास्तरांच्या वार्षिक संमेलनात म्हणायचं ठरवलं होतं. पण संमेलनात बोलण्याची सोय नव्हती. तिथे आम्ही सगळे पगाराच्या क्रमाने बसत असू आणि डेपुटी साहेब ‘शिक्षकांचे परस्पर सहकार्य’ या विषयावर हार सुकेपर्यंत भाषण करीत. शेजारी बसलेल्या दोन मास्तरांनी त्या वेळी एकमेकांशी कुजबुज केली तर शिपाई येऊन डोळे वटारी. साहेब पुण्याकडचे, मराठी अत्यंत शुद्ध; ‘हो’ऐवजी आमचं ‘हाव’ ऐकलं की दाढ दुखल्यासारखा चेहरा करीत. मोठ्या मास्तरांनी बोट वर केलं. साहेबांना वाटलं बाहेर जायचंय. त्यांनी मान हलवली. हे खरोखरच बाहेर आले, आणि बाहेरच्या कडुनिंबाखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मास्तरांना सांगू लागले, “येत्या बाजाराच्या दिवशी ढोरबाजाराच्या मांगं या. हार नाही, भाषण नाही. ज्याले जे शिकवता येत नाही थे सांगाचं.”

आठ-दहा जण आले. ‘माझ्या शाळेत सारं ठीक आहे,’ असं प्रत्येकाने सांगितलं आणि मग बराच वेळ फक्त बैल बोलत होते. शेवटी मोठे मास्तर उठले आणि बायको पळून गेल्याचं सांगावं तशा आवाजात त्यांनी आपल्या अपूर्णांकांची हकिकत सांगितली. ती ऐकताच एकाला धीर आला; तो म्हणाला, माझ्या पोरांना नकाशात बुलढाणा सापडत नाही. दुसरा म्हणाला, मलाही सापडत नाही. मग चढाओढच लागली. आपली शाळा शेजाऱ्यापेक्षा बरी निघते की काय, या भीतीने जो तो नवे दोष आठवू लागला. या गोंधळात उर्दू शाळेचे मौलवी मास्तर शांतपणे विडा चघळत होते. ते म्हणाले, “अजी मोठे मास्तर, पाऊणकी तो मिठ्ठू बी बोलता. हमारे भाई की कपडे की दुकान है. मी पोराईले तिथं नेतो. कपडा घडी केला का अर्धा, अजून केला का पाव. हाताले समजलं का डोक्याले समजते.” मोठ्या मास्तरांनी तिथल्या तिथे डोक्यावरचा फेटा सोडला आणि मौलवींच्या हातात दिला. बाजारातली माणसं थांबून पाहू लागली. मास्तरांत मारामारी झाली असावी असा त्यांचा समज झाला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वर्गात फेटा पसरला जाऊ लागला. त्याचं एक टोक फळ्यापाशी, दुसरं ओसरीच्या पायरीवर. पोरं अर्ध्यावर, पावावर, पाऊणावर धावत जाऊन उभी राहत. आणि नेमक्या अशा एका सकाळी, न कळवता, डेपुटी साहेब ओसरीवर चढले. मोठे मास्तर बोडक्या डोक्याने उभे. साहेबांचा बूट फेट्यावर. तेवढ्यात चौथीतली एक पोरगी ओरडली, “सायेब पाऊणवर उभे हायेत!”

“शाब्बास!” मोठे मास्तर सगळं विसरले. “आता सांगा, सायबाले अर्ध्यावर आनाचं तं किती सरकावं लागन?”

“पाव!” सगळा वर्ग गरजला.

“हा काय तमाशा आहे?” म्हणत साहेब रागाने पुढे आले, आणि आले ते नेमके पावच. पोरांनी टाळ्या पिटल्या.

बोडक्या डोक्याने अधिकाऱ्यासमोर उभं राहणं हा गुन्हा. त्यात बाजारातल्या बैठकांची बातमी साहेबांना आधीच लागली होती. दिवस चळवळीचे होते. पंधरवड्याच्या आत हुकूम आला: मास्तरांनी परवानगीवाचून एकत्र जमू नये. मोठ्या मास्तरांनी तो वाचून मला दिला. “जमू नका म्हनते. पाव्हनं जाऊ नका, असं तं नाही म्हनलं?” मग आम्ही पाहुणे होऊ लागलो. त्या साली मास्तरांच्या घरी जेवढी बारशी झाली तेवढी मुलं झाली नव्हती. एका सत्यनारायणाला मौलवी मास्तर सर्वांच्या आधी हजर होते आणि प्रसादाच्या शिऱ्याचे समान भाग करायचं काम त्यांच्याकडे होतं. चिखलीकडचे एक मास्तर नकाशा अंगणातच आखायला शिकवून गेले. आमची पोरं आता देऊळघाटाहून लोणारपर्यंत धुळीतून चालत जात आणि वाटेत मेहकरला उगीच पाणी प्यायला थांबत.

परीक्षा झाली आणि या सगळ्या पाहुण्यांच्या शाळांतली चौथी भराभर पास झाली. ‘सायेब पाऊणवर’ म्हणणारी पोरगी तर सर्वांच्या वर आली. ढोरांमागे गेलेल्या दोन पोरांना त्यांचे बापच हाताला धरून परत घेऊन आले. मोठे मास्तर त्या दिवशी वेशीपर्यंत गेले आणि उगीचच सगळ्या गुराख्यांना रामराम घालून आले. डेपुटी साहेबांनी हा निकाल म्हणजे आपल्या संमेलनातल्या भाषणाचं फळ असं वर कळवलं. त्यांना बढती मिळाली. जाता जाता त्यांनी एकच काम उरकलं: मोठ्या मास्तरांची बदली लोणारला, जिल्ह्याच्या पार टोकाला.

“काऊन रडून राह्यली?” ते मास्तरीणबाईंना म्हणाले. “तिकडच्या मास्तराईले काय येते, थे आपल्याले कुठं माहीत हाये?” पण पोतं बांधताना त्यांची गाठ बसेना, शेवटी ती मी मारली.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना पोचवायला बैलगाडीतून मेहकरपर्यंत गेलो. निरोप समारंभ करायची हुकुमामुळे सोय नव्हती. बुलढाणा मागे पडलं तेव्हा रस्त्याच्या कडेला बाभळीखाली मौलवी मास्तर दिसले, एकटेच. त्यांनी गाडीत पेरूंची पुरचुंडी ठेवली आणि तोंड फिरवून विडा जुळवू लागले. कोसभर पुढे दुसरे एक मास्तर, तेही एकटेच. मग पुढच्या गावाच्या फाट्यावर तिसरे. चिखलीला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. कुठे पुलावर, कुठे विहिरीच्या कठड्याशी, हुकूम मोडू नये म्हणून एकमेकांपासून दूर उभे असलेले मास्तर. प्रत्येकापाशी मोठे मास्तर गाडी थांबवून खाली उतरत आणि ‘तुमचा तो भागाकार कसा काय आता?’ असं काहीतरी विचारत, आणि पुन्हा चढताना त्यांना जरा जास्त वेळ लागे.

मेहकरला मी परतीची मोटर धरायला उतरलो. त्यापुढे त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. “जाय आता, मोटर हुकन,” ते म्हणाले आणि समोर पाहू लागले. गाडी लोणारच्या वाटेला लागली. चाकांची धूळ खाली बसली तरी मी तिथेच होतो, हुकुमाप्रमाणे एकटा.