दोन बैलांचा भार

शिनोलीच्या पुढे, रस्ता सोडून आत एका वाडीला जाताना ओढा लागतो. त्यावरचा पहिला साकव माझ्या देखरेखीखाली बांधला गेला. मी तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होतो. तो साकव कसा पडला, हे मी चौकशीत खोटं सांगितलं. खरं आता लिहितो आहे.

आमच्या ऑफिसची जीप बहुतेक वेळा डिझेलवाचून उभी असे. साइटवर जायचं तर ठेकेदाराच्या गाडीतून. प्रिंटरचा कागद त्याचा, अंदाजपत्रकं टाइप करणारा माणूस त्याचा, दुपारचा चहासुद्धा त्याचाच. याला लाच म्हणावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट आम्हीच त्याच्यापुढे ओशाळलेले असायचो, कारण त्याची बिलं वरून लवकर सुटत नसत. ज्याला वेळेवर बिल देता येत नाही, त्याला काम थांबव म्हणून सांगता येत नाही. हे त्याला कळत होतं, आम्हालाही.

काँक्रीट किती पक्कं आहे हे बघायला, स्लॅब ओततानाच त्यातलं थोडं साच्यात भरून ठोकळे करायचे, पाण्यात ठेवायचे आणि मग प्रयोगशाळेत दाबून फोडायचे असा नियम. या ठोकळ्यांना क्यूब म्हणतात. आमच्याकडे रीत वेगळी पडली होती. ठेकेदाराच्या गोडाऊनमागच्या हौदात जास्त सिमेंटचे क्यूब कायम भिजत पडलेले असत. काम कुठलंही असो, त्यातलेच काढायचे आणि वर रंगाने कामाचं नाव घालायचं.

"साहेब, आमचं क्यूब आमच्या पोरांपेक्षा हुशार," ठेकेदार म्हणायचा. "कुठल्याबी परीक्षेला बसवा, नापास व्हायचं नाव न्हाई."

मीही हसायचो. साकवाचा स्लॅब ओतला त्या दिवशी मी तिकडे गेलोच नाही.

साकव पडला तो बाजाराचा दिवस होता. वाडीतल्या एका शेतकऱ्याने बेल्ह्याहून बैलजोडी घेतली होती. टेम्पो जुन्नरचा. टेम्पोवाल्याला सगळे भाई म्हणत. गुरांची ने-आण हा त्याच्या घरचा पिढीजात धंदा. शेतकरी मागे बैलांपाशी कासरे धरून उभा होता. टेम्पो मधोमध आला आणि स्लॅब खाली बसला. शेतकरी बैलाखाली सापडून गेला. भाई वाचला.

दुसऱ्या दिवशी मी तुटलेल्या कडेवर बोट घासलं. वाळू सुटून हातात आली. क्यूबचा अहवाल मात्र उत्तम होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "मग पडला कसा?"

"क्षमतेपेक्षा जास्त भार," मी म्हणालो. "शिवाय वेग."

भरलेल्या उसाच्या ट्रॅक्टरसाठी बांधलेला साकव, आणि वर एक टेम्पो, दोन बैल, दोन माणसं. वजन कुणीच विचारलं नाही. नव्या साकवाचं कामही त्याच ठेकेदाराला मिळालं.

भाईने जोरात गाडी घातली, असं वाडीत ठरलं. बाजारात लोक त्याच्या टेम्पोत जनावर चढवेनात. शेवटी त्याने टेम्पो विकला.

यंदा मी जुन्नरला त्याच्या घरी गेलो. तो दारात शेळीला पाला घालत होता. मी सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला नाही.

"म्हंजे मी जोरात न्हवतो?"

"नाही."

"मला वाटायचं, असंन. एवढी माणसं म्हणत्यात तर." उरलेला पाला शेळीपुढे सारत तो म्हणाला, "मला कशाला सांगता, साहेब? मी तर गाडीतच व्हतो. वाडीत जावा. त्याच्या भावाला सांगा."

मी गेलो. मेलेल्या शेतकऱ्याचा भाऊ अंगणात कांदे निवडत होता. मी उभ्यानेच बोललो. संपल्यावर त्याने हातातला कांदा खाली ठेवला.

"दहाव्याला आला व्हता भाई, नदीवर," तो म्हणाला. "मीच हाकलला. गचुरं धरून."

"मी लेखी देतो."

"ते तुमच्या हापिसात द्या."

आत जाऊन त्याने सदरा चढवला आणि मोटारसायकल काढली. भाईचं घर जुन्नरात नेमकं कुठे, ते विचारून घेतलं. मागे बसावं म्हणून मी पुढे झालो.

"तुमी नका येऊ, साहेब. तुमी असलाव तर त्याला बोलता यायचं न्हाई. मलाबी."

तो गेला. मी चालत मोठ्या रस्त्याला आलो आणि एसटीची वाट बघत थांबलो. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ते दोघं काय बोलले, मला माहीत नाही. मी विचारायला गेलेलो नाही.