खिडकीचा प्रश्न

देव मी फक्त व्हिसा स्टॅम्पिंगच्या दिवशी मानतो, भूत तर अजिबातच नाही. तरीही लिहितोय, कारण चार वर्षं झाली, हे डोक्यातून जात नाही...

२००४, शिकागोजवळचं नेपरव्हिल. आसपासच्या मराठी मंडळांची एकांकिका स्पर्धा, रविवारी दुपारी, एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. आम्ही एका जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फ्रेंच मर्डर मिस्टरीचं मराठी केलं होतं. लायब्ररीतली टेप इतकी घासलेली की शेवटची दहा मिनिटं नुसत्या मुंग्या! मग शेवट आम्हीच रचला – खुनी आपणहून रडतो आणि कबूल करतो. पुचाट होता, पण करणार काय?

मी इन्स्पेक्टर. पाचावर धारण बसली होती. कॉलेजात असताना पुण्यात स्टेजवर ब्लँक झालो होतो, मधेच पडदा पाडावा लागला होता. त्यानंतर तोंडाला रंग लावला नव्हता. या वेळी बायकोनं, अनघानं, बळजबरीनं उभं केलं. "अरे, विंगेत मेधाकाकू आहेत ना प्रॉम्प्टिंगला! घाबरतोस काय?"

शेवटचा प्रवेश. समोर नितीन, आमचा खुनी. आणि... गेलं! एक शब्द आठवेना. तेवढ्यात विंगेतून शांतपणे बाईचा आवाज आला – "खिडकी उघडी होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतंच! पण मी विचारलं. नितीनचा चेहरा खर्रकन उतरला. कारण नाटकात ती खिडकी फक्त पोलिसांनी पाहिलेली, आणि हा पठ्ठ्या पहिल्याच प्रवेशात तिच्याबद्दल बोलून गेला होता. तालमीत आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो घामाघूम झाला आणि ओरडला, "हो, मीच मारलं तिला!" हॉल दणाणला. पहिलं बक्षीस आम्हाला!

मेधाकाकूंच्या पाया पडायला धावलो, तर त्या मागच्या किचनमध्ये. "अरे, चहा कमी पडला म्हणून मी केव्हाच इकडे आले. सॉरी हं!" म्हणजे विंगेत कुणीच नव्हतं.

पुढच्या वर्षी त्या पिक्चरची डीव्हीडी मिळाली. शेवटी फ्रेंच इन्स्पेक्टर हाच प्रश्न विचारतो, अगदी हाच! अनघा म्हणते, "तुझंच डोकं चाललं असेल." चाललं असेलही. पण तो आवाज नितीननंही ऐकलाय, यार.

ती कोण होती, मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर मी तीन नाटकं केली. गेल्या महिन्यात भर प्रवेशात लाइट गेले, तर मी काळोखात दीड पान बोलत राहिलो. एक शब्द चुकला नाही.