ओली हाय का?

कोल्हारच्या छबूबाईंनी साबण करायला घेतला तो सुनेच्या हातांसाठी. अश्विनी नागापूरला राहून कंपनीत मशीनचे पार्ट धुवायच्या कामावर, सुट्टीला तेवढी घरी यायची. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं आणि पोरीच्या बोटांना ह्या अशा भेगा! पीठ मळताना मीठ झोंबायचं, तरी तोंडातून ब्र काढील तर शपथ. छबूबाईंचा जीव कळवळला. बचत गटात साबण शिकल्याच होत्या. म्हणाल्या, "आता माझ्या सुनंच्या हाताला माझाच साबण लागंल."

शिकवताना सूर्यफुलाचं तेल सांगितलेलं. छबूबाईंनी गावातल्या वैजनाथच्या तेलघाण्यावरून डबा भरून आणला, खोबरेल घातलं, कॉस्टिक सोडा जपून मिसळला आणि वड्या पाडल्या. पण वड्या कसल्या! कितीही वाट बघा, बोट दाबलं की बोट आत.

अश्विनी त्यातलीच एक वडी घेऊन नागापूरला गेली. तिथून तिनं गटात साबण शिकवणाऱ्या राजेश्वरीताईंना वडी मऊ का पडली ते विचारलं आणि सासूला फोन लावला, "आत्या, तुमचं तेल हाय ओलिक हाय का?"

आता छबूबाईंच्या कानाला 'हाय' म्हणजे आहे. मग उरलं काय? ओली! "व्हय गं, वडी ओली हाय! लई ओली हाय!" म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि सगळ्या वड्या पत्र्यावर कडक उन्हात मांडल्या.

झालं! बघता बघता वड्यांवर नारिंगी डाग पडले आणि जुन्या तळणाचा वास सुटला. बजरंगराव नाक धरून म्हणाले, "हे अंगाला लावायचं का उंदराला घालायचं?" छबूबाई दिवसभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. वड्या उकिरड्यात गेल्या आणि त्यांना रडू आलं, खरंच आलं. पोरीसाठी एवढंसं करायला गेले, तेही जमू नये?

सुट्टीला अश्विनी घरी आली तेव्हा घोळ उलगडला. हसून हसून ती ओट्यापाशी खालीच बसली. "अवो आत्या, इंग्रजीतलं हाय, म्हंजे जास्त! ओलिक नावाचा घटक जास्त असलेली तेलाची जात हाय ती. सूर्यफूलच, पन बी निराळं. नेहमीच्या तेलाची वडी मऊ पडती आन् लवकर खवट होती. ह्याची टिकती."

"मंग मेल्यांनी नाव तरी नीट ठिवायचं!"

दोघी दुकानात गेल्या. सगळ्या डब्यांवर तेच पिवळं फूल. छबूबाईंनी चष्मा लावून एकेक डबा फिरवला आणि बारीक अक्षरांत ते दोन शब्द अश्विनीनं दाखवताच ओरडल्या, "हाय! हाय ओलिक हाय!" दुकानदार बघतच राहिला.

नव्या तेलाच्या वड्या पाडून सावलीत, वाऱ्याला ठेवल्या. निघायच्या वेळी छबूबाई सुनेची पिशवी भरायला बसल्या, तर तळाशी एक डबी. उघडली तर तोच वास. पहिल्या खेपेची वडी, डागांसकट, झिजून चपटी झालेली.

"अगं, ही लावतीस तू?"

"रोज."

"वास येतो की गं!"

"येतो ना. कंपनीतल्या बाकीच्या बाया लांब बसत्यात." अश्विनी खाली बघत म्हणाली, "पन आत्या, माझ्या हाताकडं ह्याच्या आधी कुनी बघितलंच न्हवतं."

छबूबाईंनी खोबरेलाची वाटी आणली, पोरीचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकेका भेगेत तेल जिरवत बसल्या. नागापूरची एसटी त्या दिवशी चुकली.