तळहाताचं माप

आमच्या वन्संना कुठलीही गोष्ट अख्खी दिसतच नाही. टेबलावर चहा सांडला, तरी फडकं घ्यायच्या आधी त्यांनी मनात त्याचे तुकडे पाडलेले असतात: हा लांबट चौकोन, हा त्रिकोण, ही शेपटी. भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. माझं नि त्यांचं कधी फारसं जमलं नाही. मी फटकळ, त्या घुम्या. बोलायला पैसे पडतात का तुमच्या बहिणीला, असं मी नवऱ्याला त्यांच्या देखत विचारायची.

कामाबद्दल मात्र त्या बोलायच्या. भाजलेला भाग वेडावाकडा असतो, म्हणून त्याचे साधे तुकडे पाडायचे, एकेका तुकड्यात किती तळहात बसतात ते बघायचं आणि बेरीज करायची. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण त्याच्या अंगाचा शंभरावा भाग. लहान मूल असलं आणि बेरीज दहाच्या वर गेली, तर सलाईन लावावंच लागतं. नाहीतर अंगातलं पाणी आटून मूल हातचं जातं.

त्या दुपारी माझ्या चार वर्षांच्या लेकीने उकळत्या पाण्याचं पातेलं अंगावर ओढून घेतलं. मी पाठमोरी होते, दोन पावलांवर होते हो! नळाखाली धरली, चादरीत गुंडाळली आणि वॉर्ड गाठला. वन्सं ड्यूटीवर होत्या. भाचीला बघून त्या पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णापाशी अडकले होते, त्यांनी तिथूनच आकडा विचारला.

वन्संनी छातीचा चौकोन धरला, गळ्याकडचा त्रिकोण, मग दंडापासून मनगटापर्यंतची पट्टी. लेक "आत्या, नको" म्हणून किंचाळत होती. अंगावर वरच्यावर आपला हात धरत, पुटपुटत त्यांनी बेरीज केली. "आठ."

डॉक्टर म्हणाले, मग सलाईन नको, मलमपट्टी करा, तोंडाने पाणी पाजत राहा. माझ्या जिवात जीव आला.

पोर हळूहळू गप्प झाली. मला वाटलं, दुखायचं कमी झालं असेल. पाणी पाजलं तर ओकली. वन्संनी तिचे पाय चाचपले, ते गार पडले होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बघतच राहिल्या. त्यांच्या पंज्यात तो जेमतेम निम्मा भरत होता.

"वहिनी, मी माझा हात धरला," त्या म्हणाल्या. "तिचा धरायला हवा होता."

नव्या मुलींना पहिल्याच दिवशी हे शिकवणारी बाई! मला त्यांचा गळा धरावासा वाटला, खोटं कशाला बोलू? पण तोवर त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन सगळ्यांदेखत चूक सांगितली होती. तिच्या हाताने मोजलं, तर बेरीज सोळा झाली.

मग एकच धावपळ. शीर सापडता सापडेना. शेवटी सलाईन सुरू झालं, लघवीसाठी नळी घातली, खाटेला पिशवी टांगली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. उशीर झालाय, म्हणाले, लघवी सुरू झाली तर आशा आहे, नाहीतर काही सांगता येत नाही.

पिशवी कोरडी ठणठणीत. ऊन उतरलं तरी कोरडीच. नवरा भिंतीला डोकं टेकून उभा होता. मी वन्संना नको नको ते बोलले. स्वतःचं लेकरू असतं म्हणजे कळलं असतं, इथपर्यंत बोलले. माझ्या जिभेला हाड नाही. त्या ऐकून घेत होत्या आणि पिशवीकडे बघत होत्या. ड्यूटी संपली, तरी हलल्या नाहीत.

नळीतून पिवळी रेघ उतरली, ती मला दिसलीच नाही. वन्संना दिसली. त्या खाटेचा पाय धरून फरशीवरच बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

"शू झाली," त्या म्हणत होत्या. "वहिनी, शू झाली तिला."

मी त्यांना माफ केलं का, ते अजून माझं मला कळलेलं नाही. पण मीही तिथेच त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्याइतकीच मोठ्याने रडले.