सासूबाईंची नाडी

आमच्या घरात जर्मन येणारा माणूस मी एकटाच, असा समज मी स्वतःच पसरवला होता. बायकोचं ऑफिस एश्बॉर्नला, तिथला सगळा कारभार इंग्रजीत. मी मात्र डार्मश्टाटला आल्या आल्या संध्याकाळचा भाषावर्ग लावला होता, आणि पाव घेताना, ट्रामचं तिकीट काढताना, दर वाक्यात एक तरी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, पेरत असे. त्यामुळे सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांचे पाय कुरकुरू लागले, तेव्हा त्यांना डॉक्टरकडे नेण्याचा मान माझ्याकडे आला.

पाय तसे पुण्यापासूनच जड होते. पण इथे आल्यावर जिन्यात डावा पाय पायरीला अडकू लागला, दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या, आणि एकदा बाजारातल्या दगडी फरसबंदीवर त्या भाजीच्या पिशवीसकट खाली बसल्याच. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पुण्यात रोज सकाळी टेकडी चढणारी. आम्ही नवराबायकोंनी थंडीला दोष दिला, विमानाला दिला, शेवटी वयाला दिला. सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, “अहो, मला इथून माझ्या पायांनी परत जायचंय. विमानतळावर खुर्चीत बसवून ढकललेलं मला चालणार नाही.”

आमचे नेहमीचे डॉक्टर तरुण आणि चटपटीत होते. मी रात्रभर खिशात मावणाऱ्या पिवळ्या शब्दकोशातून शब्द जमवले होते. “यांच्या पायांत मुंग्या आहेत,” मी भीतभीत जर्मनमध्ये सांगितलं, आणि आता हा माणूस औषधफवारणीवाल्याला फोन करणार म्हणून तयारीत राहिलो. पण ते शांतपणे “या, या”, म्हणजे ‘हो, हो’, म्हणाले. जर्मन पायांनासुद्धा मुंग्याच येतात, हे कळल्यावर माझा आत्मविश्वास इतका वाढला की पुढचा घोटाळा अटळ होता.

सासूबाई पदर सावरत हळूच म्हणाल्या, “आणि त्यांना सांगा, नाडी फार घट्ट वाटते. रात्रीसुद्धा.”

मी सांगितलं. नाडी म्हणजे पल्स. जर्मनमध्ये पुल्स. यात शब्दकोशसुद्धा लागला नाही.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “घट्ट?”

“गेनाऊ,” मी म्हणालो.

मग काय, हृदयाचा आलेख झाला, आणि दिवसभर छातीला वायरी चिकटवून कमरेला यंत्र अडकवून झालं. सासूबाईंनी पुण्याला फोनवर कौतुकानं सांगितलं, “दुखतात पाय, पण तपासतात छाती. किती मुळापासून बघतात हे लोक.” हृदय उत्तम निघालं. दरम्यान पाय आणखी बिघडले. त्या भिंत धरून चालू लागल्या, आणि एका सकाळी न्हाणीघरातल्या स्टुलावरून त्यांना उठताच येईना. बायकोनं आणि मी मिळून उठवलं.

आता त्या तरुण डॉक्टरांनी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. इथे अशा डॉक्टरांचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला महिने जातात. आम्हाला दोनच दिवसांनी बोलावलं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

हे डॉक्टर वयस्क होते, पांढऱ्या केसांचे. तळव्यावरून किल्लीचं टोक फिरवायला ते सासूबाईंच्या पायांशी वाकले. सासूबाईंनी सवयीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “सुखी राहा.”

“काय म्हणाल्या?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“तुमचं भलं चिंतताहेत.”

“डांके,” त्यांनी आभार मानले, पण किल्ली फिरताच खाली वळायला हवा तो पायाचा अंगठा वर गेलेला पाहून त्यांचं हसू मावळलं.

पुढच्या तपासणीला मला पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं. डॉक्टर पावलापासून वर वर टाचणी टेकवत जाणार आणि विचारणार, मी भिंतीला मराठीत विचारणार, सासूबाई छताला उत्तर देणार.

“आई, टोचतंय का?”

“नाही. नुसतं बोट लागल्यासारखं.”

नडगी झाली, मांडी झाली, ओटीपोट झालं. बोट, बोट, बोट.

“हां, आता टोचलं,” सासूबाई म्हणाल्या. “तिथेच हो. तिथेच तर नाडी घट्ट वाटते.”

मी इमानदारीनं भाषांतर केलं.

पलीकडे टाचणी थांबली. मग डॉक्टरांचा आवाज आला, “बेंबीपाशी पुल्स?”

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. “आई, नाडी म्हणजे... कुठली?”

“अहो, आता तुम्हाला कसं सांगू. बांधायची.”

“बांधायची?”

जावयासमोर हा शब्द त्यांनी इतक्या वर्षांत उच्चारला नव्हता. “परकराची,” त्या म्हणाल्या. “सोडली तरी सुटत नाही मेली. रात्री गाउन घातला तरी आवळलेलीच. तुमच्या बायकोला सांगितलं, तर म्हणाली, चीज कमी खा.”

परकराला जर्मन शब्द मला येत नव्हता. भाषावर्गात हा धडा नव्हता. “स्कर्टच्या आत जो स्कर्ट, त्याची दोरी,” मी भिंतीला सांगितलं. “काढली तरी घट्ट वाटते.”

डॉक्टर हसले नाहीत. “नसलेला पट्टा?”

“गेनाऊ,” मी म्हणालो, आणि तो शब्द प्रथमच योग्य जागी पडला.

त्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं. दोष पायांत नाही, कमरेतही नाही. वर पाठीत मज्जारज्जूवर काहीतरी दाबतंय, आणि त्याखालच्या अंगाला निरोप नीट पोचत नाहीत. फोटो पाठीचा काढायला हवा. तो त्याच दिवशी काढला. मज्जारज्जूच्या वेष्टनाला चिकटलेली, वालाच्या दाण्याएवढी गाठ त्यात दिसली. शेजारची मज्जारज्जू पार चेपली होती.

‘टूमोर’ हा शब्द सासूबाईंना माझ्या मदतीशिवाय कळला. बायकोनं त्यांचा हात धरला.

सर्जन म्हणाले, अशा गाठी बहुतेक साध्या असतात, पण खात्री काढल्यावरच. काढली तर पाय परत येण्याची आशा चांगली. हमी नाही. थांबलो, तर आहे तेही जाईल. मी शब्द न शब्द सांगितला, एकही माझा घातला नाही.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. “मग थांबलेत कशाला?”

गाठ साधी निघाली. ऑपरेशननंतर काही दिवसांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना चाकांचा वॉकर धरून उभं केलं. मागे बायको श्वास रोखून. समोर मी, दोन्ही हात पसरून, रांगतं मूल उभं राहिल्यावर बाप करतो तसा. डावा पाय फरशीवर घसटला, थांबला, मग कसाबसा उचलला जाऊन पुढे पडला.

त्या बाई जर्मनमध्ये म्हणाल्या, आणखी एक. मी भाषांतराला तोंड उघडलं.

“कळलं मला,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही आधी वाटेतून बाजूला व्हा.”

मी भिंतीला टेकलो. त्या माझ्यासमोरून पुढे गेल्या.