हँडल हर्रासात जात नसे

आमच्या भागात लिलावाला हर्रास म्हणत. वडनेरच्या बाजूच्या आमच्या गावात, सोसायटीच्या आवारात, पोळा आणि दसरा यांच्या मधल्या एका दिवशी जुन्या शेतीयंत्रांचा हर्रास होई. सत्तरचे दशक संपत आले तसे विजेचे खांब वावरातल्या विहिरींपर्यंत पोचले आणि आवारातली डिझेल इंजिनांची रांग दरवर्षी लांबत गेली.

नियम कुठे लिहिलेले नव्हते. हर्रास बोलणारे गृहस्थ मूळचे बैलबाजारातले दलाल. सगळे त्यांना काकाजी म्हणत. बैलांचे नियम त्यांनी यंत्रांना जसेच्या तसे लावले होते. बैल विकताना खोड सांगावी लागते, तशी इंजिनाचीही सांगावी लागे. सांगणारा मालकच हवा असे नव्हते. इंजिन फिरवून सुरू करायचे हँडल ज्याच्या हातात, खोड त्याने सांगायची. तीन प्रयत्नांत इंजिन सर्वांसमोर सुरू करून दाखवायचे. टाकी कोरडी आणायची नाही; ते पाहुण्याला पाटावर बसवून ताट न वाढण्यासारखे मानत. आणि यंत्राला रंग लावायचा नाही. ‘रंग दिसला की जोड पाहा,’ असे काकाजी म्हणत. रंगवलेले यंत्र आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वजनावर विकल्या जाणाऱ्या लोखंडात जाई. तिथे हिंगणघाटचे भंगारवाले काटा घेऊन बसलेले असत.

आमचे इंजिन पाच हॉर्सपॉवरचे होते. वडील वर्ध्याला शिक्षक होते. बोरगाव मेघेला खोली घेऊन राहत, शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात. शेती आई पाहत असे. इंजिन आले त्या वर्षी ते सालदार चालवायचा. एके दिवशी हँडलने उलटा झटका दिला, त्याचे मनगट सुजले आणि इंजिनात काहीतरी आहे असे त्याने गावभर सांगितले. दुसऱ्या दिवशी आईने पदर खोचून हँडल हातात घेतले. पुढची दहा वर्षे ते तिच्याकडेच राहिले.

विहिरीवर विजेची मोटार बसल्यावर इंजिन हर्रासात द्यायचे ठरले. आईची अट एकच होती. इंजिन कोणाच्या तरी विहिरीवरच गेले पाहिजे.

“दहा वर्षं पाणी पाजलं त्यानं,” ती म्हणाली. “त्याले घनानं फोडाले नाई देत मी.”

मी तेव्हा नागपूरच्या एका वर्तमानपत्रात होतो आणि आठ दिवसांच्या रजेवर घरी आलो होतो. हर्रासाच्या आदल्या दुपारी आईने इंजिन धुतले. मग पोळ्याचा उरलेला रंग काढला. फ्लायव्हील लाल केले, टाकी हिरवी केली, हळदकुंकू वाहिले आणि उरलेले बेगड सायलेन्सरला चिकटवले. बायका हर्रासाला जात नसत, म्हणून रंगाचा नियम तिला ठाऊक नव्हता. वडिलांना ठाऊक होता, पण तो सांगावा लागेल असे त्यांच्या मनात आले नव्हते. मलाही कल्पना नव्हती. हिरव्या रंगाचा दुसरा हात मी दिला.

सकाळी आम्ही इंजिन बैलगाडीतून आवारात नेले. ते कुठे जाते ते पाहायला आईही आली, पण गाडीतच बसून राहिली. वडील बसमधून उतरून थेट तिथेच आले. रंग पाहून गाडीजवळच थांबले. तेवढ्यात काकाजी आले.

“मास्तर, इंजिन इकाले आणलं का नवरदेव मिरवाले?”

रांगेतली माणसे हसली.

“घरी माहीत नव्हतं, काकाजी,” वडील म्हणाले.

“असन. पण नियम तो नियम. तिकडं काट्याजोळ न्या.” मग थोडे नरमून त्यांनी विचारले, “जोड हाय का कुठी?”

“नाही. जोड नाही,” वडील म्हणाले.

“हाय.”

आवाज गाडीमागून आला. आई गाडीतून उतरली होती. “मांगच्या डाव्या पायाले. मांगच्या चैतात फुटला. वर्ध्याले कायले कळवा, म्हणून नाई सांगतलं.”

गाडीतल्या गवताच्या भाऱ्यात विळा होता. तो घेऊन ती वाकली आणि इंजिनाच्या पायावरचा लाल रंग तिने खरवडला. खालून बोटभर लांबीचा वेल्डिंगचा जोड दिसला. काकाजींनी त्यावरून अंगठा फिरवला. मग वडिलांना विचारले, “मास्तर, हँडल कोनाच्या हातात राह्यते?”

वडील खोटे बोलत नसत. “त्यांच्या,” ते म्हणाले.

“मंग खोड त्याच सांगतीन. सांगा, मास्तरीनबाई. पुरी सांगतली तं रंग माफ. एक जरी लपली, तं काटा.”

त्या आवारात बाईमाणूस बोलत असलेले तोवर कोणी पाहिले नव्हते. लोक जवळ सरकले. आईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुनेबद्दल शेजारणीशी बोलावे तशी सुरुवात केली.

“थंडीत उठत नाई. फिल्टराजोळ पेटती चिंधी धरा लागते. डोक्यातून पाणी पाझरते. तीन वर्षं झाले, वाढलं नाई अन् कमी बी झालं नाई. पट्टा उजव्या अंगानं उतरते. खटका लवकर सोडला तं हँडल हात मोडते, आमच्या सालदाराले इचारा. कधी कधी उलटं फिरते. धूर फिल्टरातून निंघाला का समजा उलटं हाय. बंद करा, भेऊ नोका. अन् पाहुने आले का हमखास बंद पडते.”

“कोनाकडचे पाहुने, बाई?” मागून एकाने विचारले.

“यायच्याकडचे.”

हशा पिकला. वडीलही हसले. काकाजी बोटे मोजत होते. “सहा झाल्या. अन् एक जोड. सात. आठवी?”

“असती तं सांगतली असती.”

“चालवा.”

आईने हँडल बसवले. पहिल्या प्रयत्नात फ्लायव्हील जोरात फिरले, एक ठोका पडला आणि थांबले. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले, पण धूर फिल्टरातून आला. “उल्टं हाय, बाईनं सांगतलं होतं,” असे रांगेतले चार-पाच जण एकदम म्हणाले, जणू इंजिन त्यांचेच होते. आईने ते बंद केले. आता एकच प्रयत्न उरला होता. दुसऱ्या टोकाला भंगारवाले काट्याजवळून उठून उभे राहिले होते.

आईने चिंधी मागितली. चिंधी कोणाजवळ नव्हती. वडिलांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला, डिझेलमध्ये बुडवला, पेटवला आणि हात लांब करून फिल्टराजवळ धरला. त्या इंजिनासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने केलेले, माझ्या माहितीतले, हे एकमेव काम. आईने इंजिनाचा दाब मोकळा ठेवणारा खटका धरून हँडल फिरवले, वेग येऊ दिला आणि खटका सोडला. पहिल्या ठोक्याला सायलेन्सरवरचे बेगड उडून काकाजींच्या टोपीवर पडले. इंजिन सुलट चालू लागले. टोपीवरचे बेगड न काढताच काकाजींनी हर्रास पुकारला.

शेवटची बोली जामच्या पुढच्या एका गावातल्या शेतकऱ्याची होती. त्याने नवी विहीर खोदली होती आणि विजेचा खांब अजून त्याच्या गावातही आला नव्हता. शेजारच्याने त्याला विचारले, “एवढ्या खोडी आयकून बी काऊन घेतलं?”

“सात सांगतल्या म्हणजे आठवी नाई,” तो म्हणाला. “बाकीचे एकच सांगून राह्यले. त्यायचं भेव वाटते.”

त्याने हँडलसाठी हात पुढे केला, तेव्हा काकाजींनी त्याला थांबवले. हँडल हर्रासात जात नसे. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या विहिरीवर जायचे, इंजिन सुरू करून पाणी पहिल्या सरीत पोचलेले दाखवायचे आणि मगच हँडल द्यायचे, असा रिवाज होता. त्याला पाणी दाखवणे म्हणत.

चौथ्या दिवशी आई आणि मी एसटीने जामला गेलो. हँडल जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिने मांडीवर घेतले होते.

“हे काय नेता, बाई?” कंडक्टरने विचारले.

“चावी.”

“येवढी? कुलूप केवढं हाय मंग?”

“तीस हात खोल.”

जामहून शेतकऱ्याने आम्हाला बैलगाडीतून वावरात नेले. इंजिन विहिरीच्या काठावर बसवून झाले होते. रंग कोणी खरवडला नव्हता. उलट सायलेन्सरला नवे बेगड लागले होते, ते त्याच्या बायकोने लावले होते. आईने दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू केले. पाणी पाटातून पहिल्या सरीत शिरले. शेतकऱ्याने हात पुढे केला.

“चालवन कोन?” आईने विचारले.

“मीच.”

“हे तं आठ दिवसातले सहा दिवस जामले हाटेलीवर राह्यते,” त्याची बायको म्हणाली.

आईने हँडल तिच्या हातात दिले. खटका केव्हा सोडायचा ते दाखवले, इंजिन बंद करून तिच्याकडून एकदा सुरूही करून घेतले. शेतकरी बाजूला उभा राहून हसत होता.

मग आम्हाला बाभळीच्या सावलीत बसवून पोहे दिले. दोन घास झाले असतील नसतील, इंजिन बंद पडले.

शेतकऱ्याच्या बायकोने आईकडे पाहिले. आईने घास गिळला. “सांगतलं होतं,” ती म्हणाली. “आता पाहुने आमी.”

ती बाई पदराने तोंड झाकून हसली, हँडल घेऊन उठली आणि विहिरीकडे गेली. आई जागची हलली नाही. पोहे खात ती कान देऊन बसली. थोड्याच वेळात ठोके सुरू झाले.